राखणदाराच्या पुढे गेलेली गाडी

बुधवार, संध्याकाळ. पेडणे

हात अजून थंड आहेत. तरी लिहिते.

उदयने गाडीचं ट्यूनिंग करून आणलं. टर्बोचा दाब वाढवला, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम घातला, टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बसवला. लग्नातही नवरा इतका खूश दिसला नव्हता. मला आणि सासूबाईंना लगेच फिरवायला नेलं. "आता पिकअप बघ गो!" पाठ सीटला चिकटली, टर्बोची शीळ कानात घुसली.

उतारावर वडाखाली राखणदाराचा, वाटेची राखण करणाऱ्या देवाचा, दगड आहे. तिथे थांबून हात जोडल्याशिवाय आमच्या घरातलं कोणी पुढे जात नाही. उदयने रोजच्याच जागी ब्रेक दाबला. गाडी थांबलीच नाही. दगड खिडकीतून मागे गेला आणि आम्ही पार वळणाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. समोरून काही येत असतं तर?

सासूबाई भडकल्या. "राखणदाराक विसरलो मरे तूं! फाल्यां नारळ दी." पण उदय विसरला नव्हता. मी त्याचा पाय पाहिला होता, ब्रेकवर पूर्ण दाबलेला.

घरी आल्यावर विचारलं, गाडीचा जोर वाढवलास, मग ब्रेकही बदललेस ना?

"ते कित्याक? ब्रेक बरे आसात."

मी भित्री आहे, मान्य. पण तो दगड सारखा डोळ्यांसमोरून मागे जातोय.

सासूबाईंनी उद्यासाठी नारळ सोलून देवापाशी ठेवलाय. आमच्या लेकीला, चिमीला, शाळेत सोडायला जाताना उदय तो राखणदाराला देणार. नारळ द्यायचा तरी आधी गाडी तिथे थांबायला हवी ना?