मधला चौकोन

मंगळवार, २ सप्टेंबर. संध्याकाळ.
शिवणमंडळात गेले. स्वतःच्या इच्छेने. सून महिनाभर मागे लागली होती: आई, लायब्ररीच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी बायका जमतात, गोधड्या शिवतात, विणतात, गप्पा मारतात, तुम्ही जाच. मंगळवारी तीन ते पाच तिची ऑफिसची मीटिंग असते, घरातूनच, कॉम्प्युटरवर. ती बोलत असताना मी दारात उभी राहून तिचं इंग्रजी सुधारते. आता ते दोन तास बिचारीचं कसं होणार? पण समाजाचंही आपण काही देणं लागतो.

खोलीत दोन लांब टेबलं आणि सतत डोळे मिचकावणारी ट्यूबलाइट. बायका आठ. प्रमुख एक निवृत्त नर्स. तिला सगळ्या सिस्टर म्हणतात. मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे सिस्टर म्हणजे काय चीज होती, ते यांना काय कळणार! दुसरी टेलरबाई, आल्टरेशनचं दुकान चालवते, बोलत नाही. तिसरीचं नाव मी ब्रेकिंग न्यूज ठेवलं आहे. बाकीच्या पाच जणी विणतात आणि माना डोलावतात.

हॉस्पिटलच्या नव्या बालविभागासाठी मोठी गोधडी करायची आहे. पाच बाय पाच, पंचवीस चौकोन. प्रत्येकीचे तीन, म्हणजे चोवीस. उरला एक, बरोब्बर मधला. त्याच्या खाली करणारीचं नाव दोऱ्याने भरणार. तो कोणाचा, ते तेवीस तारखेला ठरवू, असं सिस्टर म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. (माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर घड्याळ आहे, पण तो योगायोग.)

एकतीस वर्षं परीक्षा विभागात काढली. लाखभर उत्तरपत्रिकांवर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. माझं नाव कुठे आलं नाही. कोपऱ्यात नुसती सही, तीही अर्धी.
मधला चौकोन माझा.

बुधवार, ३ सप्टेंबर. सकाळी ७.
संकल्प: १. रोज दोन तास शिवण. २. कोणाचीही चूक काढायची नाही. ३. विषय: बदक. मुलांना आवडतं, आकार सोपा.

अनुभव नाही असं कोणी म्हणू नये. शाळेत शिवणाच्या सिस्टर माझा रुमाल उजेडात धरून म्हणाल्या होत्या, देवाने तुला दुसरी काहीतरी देणगी दिली असेल. दुसरी. म्हणजे शिवणाची एक होतीच.

शुक्रवार, ५ सप्टेंबर.
बदकासाठी पिवळं कापड हवं होतं. मुलाचा जुना शर्ट कापला. संध्याकाळी कळलं, तो जुना नव्हता, नुसता धुतलेला होता. मुलगा म्हणाला, आई, अगं लेबल तरी बघायचंस. मी म्हटलं, समाजकार्यात लेबलं बघायची नसतात. जेवताना कोणी बोललं नाही. कामाला शांतता लागतेच.
आज शिवण झालं नाही. वातावरण नव्हतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर.
संकल्प क्रमांक दोन पाळला, एक अपवाद सोडून. टेलरबाईला सांगितलं की तुमचे टाके फार बारीक आहेत, दिसतच नाहीत. केलेलं काम दिसायला नको? तिने मान वर केली, माझ्या हातातलं काम बघितलं आणि म्हणाली की तुमचे दिसतात. मोठ्या मनाची बाई.

ब्रेकिंग न्यूजलाही सांगितलं की तिच्या स्वेटरच्या दोन बाह्या एका मापाच्या नाहीत. तिने सांगितलं, ज्याच्यासाठी आहे त्याचे हातही एका मापाचे नाहीत, नवरा वेल्डर आहे, एक दंड जाड झालाय. ते आधी सांगायला हवं होतं. मग विणणाऱ्या पाच जणींनाही एकेक चूक सांगितली. म्हणजे एकूण सात अपवाद झाले.

पाच वाजता उठायला गेले तर उठता येईना. चौकोन मांडीवर ठेवून शिवत होते, तो माझ्या अंगावरच्या कपड्यांनाच शिवला गेला होता. टेलरबाईने गुडघे टेकून, कात्रीच्या टोकाने एकेक टाका उसवला. वीस मिनिटं लागली. एवढं पक्कं शिवण त्या खोलीत दुसऱ्या कोणाचं नसेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. दुपारी ४.
बदक पूर्ण. मुलाला दाखवलं. म्हणाला, किटली छान आहे. शर्टाचा राग धरून बसला असल्यामुळे तो असं बोलणारच. सुनेला दाखवलं. तिने बराच विचार केला आणि विचारलं, आई, वाफ कशाने दाखवलीत? ते पंख आहेत.
मूर्खांच्या घरात कलावंताने राहू नये. पण पेन्शनमध्ये वेगळं घर होत नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर. रात्री जेवणानंतर लगेच, कारण आनंद मावत नाही.
बदक सिस्टरांच्या हातात दिलं. त्यांनी उलटं केलं, सुलटं केलं, आडवं धरलं. एक दोरा ओढून बघितला, तो बराच लांब निघाला. मग ठेवा तिथे म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. गहिवरल्या असाव्यात.

मी चहाचे कप विसळून आले तर टोपलीतल्या प्रत्येक चौकोनाला टाचणीने चिठ्ठी लावलेली, सिस्टरांच्या अक्षरात. टेलरबाईच्या तिन्ही चौकोनांवर ‘ठेवा’. ठेवा! एवढं काय, साधी चंद्र-ताऱ्याची नक्षी. म्हणे अनमोल ठेवा. ब्रेकिंग न्यूजच्या मांजरावरही ठेवा. सगळ्यांचेच ठेवे. या नर्सबाईंना कौतुकाचा दुसरा शब्दच येत नाही.
आणि माझ्या बदकावर एकच शब्द: ‘टाका’.

भावनेचा लवलेश नाही. शुद्ध तांत्रिक शेरा. याला म्हणतात टाका! परीक्षा विभागात आम्ही आदर्श उत्तरपत्रिका बाजूला काढायचो, तसलाच प्रकार. मी तो चौकोन चिठ्ठीसकट उचलून टेबलाभोवती फिरवला. म्हटलं, बघा, मत्सर करू नका, शिका. एकीला ठसका लागला. सिस्टर छताकडे बघत होत्या. निघताना मी बदक चिठ्ठीसकट नोटीसबोर्डवर लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून.

गुरुवार, १८ सप्टेंबर.
लायब्ररीत सहज डोकावले. बदक जागेवर. दोन शाळकरी मुली चिठ्ठी वाचून हसत होत्या. आनंद झालेला दिसला. धाकट्या बहिणीला फोन करून अर्धा तास सांगितलं. ती म्हणाली, ताई, तू आणि शिवण? जुना मत्सर आहे.

रविवार, २१ सप्टेंबर.
मधल्या चौकोनाखाली नाव पूर्ण घालायचं की आद्याक्षरं, यावर चर्चा काढली. सुनेने सगळी हकीकत पुन्हा ऐकून घेतली. ठेवा कोणावर, टाका कोणावर, टोपली नंतर कोण आवरतं, सगळं. (टोपली लायब्ररीचे शिपाई आवरतात. त्यांना सगळ्या मामा म्हणतात.) मग ती फार हळू आवाजात म्हणाली,
“आई, ती दोन्ही क्रियापदं तर नसतील ना?”
मी म्हटलं, मला व्याकरण शिकवू नकोस. शाळेत मराठी मला दुसरी भाषा होती, तरी त्रेचाळीस मार्क होते. तिने किती पैकी ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
झोप बरी लागली. मध्ये दोनदा उठले, पण ते पाणी प्यायला.

मंगळवार, २३ सप्टेंबर.
चांगले कपडे घालून गेले. बोर्ड रिकामा. चार टाचण्या, बदक नाही. वाटलं, गोधडीत शिवायला नेलं. मामांना विचारलं. ते खुर्च्या लावत होते, हात न थांबवता म्हणाले,
“चिठ्ठी होती ना, टाका म्हणून. टाकलं. सकाळी कचऱ्याची गाडी घेऊन गेली.”
सिस्टर मागेच उभ्या होत्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पेशंटला बसवतात तसं.
“मीच लिहिलं होतं ते, मामांसाठी. तुमचे दोरे सुटत होते हो. लहान मुलांच्या वॉर्डात सुटलेला दोरा चालत नाही, बोटाला गुंडाळला जातो. तोंडावर सांगायला हवं होतं. घाबरले मी तुम्हाला.”

चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई. मला घाबरली.
मी सांगितलं की सूचना असंदिग्ध असावी. टाका नव्हे, टाकून द्या. परीक्षेत याचे दोन मार्क गेले असते. त्या हो म्हणाल्या. खोलीत कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट.
मधला चौकोन टेलरबाईचा. सर्वानुमते. मी मत दिलं नाही.
घरी येऊन राजीनामा लिहिला. इंग्रजीत, तीन परिच्छेद. पाठवला. पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. (टाकणार: क्रियापद.)

मंगळवार, ३० सप्टेंबर.
२.५० – घरीच. सुटल्यासारखं वाटतंय.
३.१० – सुनेची मीटिंग. दारात गेले. तिने माझ्याकडे बघून हसून दार लावलं. मग कडीही लावली, हळूच, वाजू नये म्हणून. संस्कारी आहे.
३.३० – वर्तमानपत्रात नऊ चुका. सांगायला कोणी नाही.
४.०० – आता त्या चहा करत असतील. कप कोण विसळतंय कोण जाणे.
४.१५ – फोन वाजला. विमा कंपनीचा. त्या मुलीचे उच्चार सुधारून दिले. तिने ठेवला. (हेही क्रियापदच.)
४.४० – सिस्टरांचा फोन. राजीनाम्याबद्दल अक्षर नाही. म्हणाल्या, लोकरीच्या पंधरा लड्या आल्यात, त्यांचे गुंडे करायचेत, लडी दोन हातांत ताणून धरायला माणूस हवं. खुर्चीच्या पाठीवर नीट होत नाही. मी म्हटलं, डायरी बघून सांगते.
डायरी बघितली. हीच. पुढची सगळी पानं कोरी आहेत.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.
गेले. दोन्ही हात पुढे, त्यावर लडी. नाक खाजवता येत नाही, सुई उचलता येत नाही, कोणाचं काम हातात घेऊन बघता येत नाही. ही योजना कोणाची, हे मला कळत नाही असं यांना वाटतं.
तोंड मात्र मोकळं असतं. टेलरबाई समोर बसून गुंडा करते. तिला वर्तमानपत्रातल्या नऊच्या नऊ चुका सांगितल्या. पाचवीला ती हसली. सहा लड्या झाल्या. नऊ उरल्या.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.
गोधडी हॉस्पिटलात दिली. वॉर्डातल्या भिंतीवर टांगायच्या आधी फोटो काढला. आठ जणी पुढे, गोधडी मागे उंच धरलेली. वरचे दोन कोपरे धरायला उंच माणसं हवी होती. एक मामा, एक मी. गोधडीच्या मागे उभं राहून धरायचं होतं. मागून अस्तर दिसतं. टेलरबाईचे टाके मागूनही दिसत नाहीत. शोधले.

फोटो संध्याकाळी मोबाइलवर आला. सुनेने तो मोठा करून करून बघितला आणि विचारलं, आई, तुम्ही कुठे आहात? डाव्या कोपऱ्यात दाखवलं. कापडावर माझी चार बोटं आली आहेत. अंगठा मागे राहिला.
तिने तो फोटो मुलाला पाठवला, माझ्या बहिणीलाही पाठवला. खाली लिहिलं: डावीकडे आई.
मंगळवारी तीनला जायचं आहे. अजून दोन लड्या आहेत.