पोटावरचा पट्टा

३ फेब्रुवारी

खोटे बोलणारा माणूस मी एकवेळ सहन करीन. खोटे बोलणारे यंत्र नाही!

श्वासाची हालचाल मोजणाऱ्या तीन पट्ट्यांची तुलना: वेटोळ्या तारेचा, रबरी, आणि आमच्या अभियंत्याने – त्या दीडशहाण्याने – बनवलेला नवा कापडी. प्रत्येक प्रकाराची जोडी: एक छातीवर, एक पोटावर. मापणाऱ्याने आधी स्वतःला मापायचे, हा आमचा शिरस्ता. मी आडवी झाले. श्वास घेतला की दोन्ही फुगायला हवीत. नव्या पट्ट्यावर छाती वर, पोट खाली!

जुन्या दोन्ही पट्ट्यांनीही परवा हेच दाखवले होते. तिथे तारा कधीकधी उलट जोडल्या जातात; संगणकात अधिक-उण्याचे चिन्ह फिरवले, झाले. सगळेच फिरवतात.

४ फेब्रुवारी

दीडशहाणा म्हणतो, "मॅडम, माझा प्लग उलटा बसतच नाही. पट्टा सुलटा आहे, तुमचं पोटच उलटं चालत असेल!"

सगळे खो खो हसले. हसा!

६ फेब्रुवारी

बाकी साऱ्यांवर नवा पट्टा चोख. साहेब म्हणाले, "तुमचं एकटीचं माप गाळा ना. रुग्णालयवाले पट्ट्यासाठी खोळंबलेत."

नाही गाळणार. अडचणीचे माप गाळायचे, तर मोजायचेच कशाला? 'नवा पट्टा एका व्यक्तीवर सपशेल चुकला' – असेच लिहीन. रुग्णालयात नाही गेला तरी बेहत्तर!

"माझी दोन वर्षं पाण्यात घालताय," दीडशहाणा म्हणाला. मेहनतीला गुण द्यायला ही बालवाडी नव्हे.

७ फेब्रुवारी

धाकटी बहीण: "ताई, उशांचा हा डोंगर कशाला? सपाट झोपलीस की धापा टाकतेस. दाखव ना कुणाला तरी."

आधी स्वतःचे घोरणे ऐक म्हटले.

८ फेब्रुवारी

आरोप करायचा तर पुरावा निर्विवाद हवा. तिन्ही पट्टे पुन्हा माझ्यावर. प्रत्येक तार स्वतः तपासली. या वेळी चिन्हाला हात लावला नाही.

तिन्ही आलेख एकसारखे. छाती वर, पोट खाली.

तीन पट्टे मिळून चुकत नाहीत.

१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणांपुढे श्वास घ्यायला लावला. छाती आणि पोटामधला पडदा जवळजवळ हलतच नाही. "बरं झालं, वेळेत आलात."

नवा पट्टा निर्दोष – तसे लिहून दिले. माझे माप अहवालात राहील. आता तर कुणी गाळूनच दाखवावे!