उरलेल्या वर्षांचा कर

॥ श्री ॥
योकोहामा, १२ मे १९९७

ती. वनिताताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ताई, आता माझ्यावर दया कर आणि अक्षर जरा मोठं काढ. एका एरोग्राममध्ये अख्खं पुणं कोंबायची तुझी सवय जुनीच, पण माझे डोळे पूर्वीचे राहिले नाहीत. तुझी भावजय सरिता वाचून दाखवते म्हणते, पण बहिणीचं पत्र मला स्वतः वाचायचं असतं.

काचबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं. गाडी कधी चालवू विचारलं, तर डॉक्टर मान तिरकी करून म्हणाले की जरा कठीण आहे. सरिताच्या मते इथे जरा कठीण म्हणजे नाही. माझ्या मते जरा कठीण म्हणजे जरा कठीण. ऑक्टोबरपर्यंत वाट पाहणार आहे. गाडी खाली उभी, पार्किंगचं भाडं चालू, आणि मी रोज जाऊन फडकं मारून येतो.

तुझ्या खात्यातली एक गंमत. गाडीवर गेल्या वर्षी पाच वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली होती, म्हणजे दुरुस्ती निघाली तर खर्च शोरूमचा. सरिताने परस्पर चौकशी केली. रद्द केली तर उरलेल्या चार वर्षांचे पैसे परत मिळतात, पण त्यावर भरलेला कर मिळत नाही. तो सरकारात गेला म्हणे. विक्रीकर कार्यालयात जन्म काढलेल्या बाईचा भाऊ मी, मला हसूच आलं. मी काही रद्द करत नाहीये, तुझी करमणूक म्हणून कळवलं.

रागावू नकोस, म्हणजे नेहमीइतकीच रागाव.

तुझा,
उल्हास


॥ श्री ॥
पुणे, २५ मे १९९७

चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद.

बघ, किती मोठं लिहिलंय. दोन एरोग्राम खर्ची पडले, ते तुझ्या नावावर मांडून ठेवते.

करमणूक म्हणे! सरकारात गेला, हे मी दुकानदारांच्या तोंडून इतकं ऐकलंय की झोपेतही उत्तर देईन. कर कशावर घेतला? पाच वर्षांच्या सेवेवर. त्यातली चार वर्षं ते देणारच नसतील, तर त्यांचा कर ठेवून घेणारे हे कोण? तो ज्याचा त्याला परत द्यावा आणि आपल्या हिशेबात वजावट घ्यावी. एप्रिलपासून तिकडे तीनाचे पाच टक्के झाले, असं मागे लिहिलं होतंस. तू तीनाने भरलास, तीनानेच माग. जास्त देऊ लागले तर घेऊ नकोस.

आणि उभ्या गाडीला वॉरंटी हवी कशाला? रद्द कर. दृष्टी सुधारली की नवी घे.

उल्हास, तुझ्या डोळ्यांचं मला इथे बसून काही करता येत नाही. देवापुढे बसते, तर तिथेही काय मागावं ते सुचत नाही. कराचं मला कळतं. तेवढं तरी करू दे.

जीव आहे तुझ्यावर, पत्रात तो करडा उतरला असेल तर गोड मानून घे.

वनिताताई


॥ श्री ॥
योकोहामा, १६ जून १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शोरूमच्या ओकादा-सानना तुझा मुद्दा सांगितला. आठवड्याने ते वरच्या ऑफिसचं उत्तर घेऊन स्वतः घरी आले. तुझं बरोबर निघालं, कर परत मिळेल. मात्र गिऱ्हाइकाने आपल्या मर्जीने रद्द केलं तर नाही. मालक यापुढे गाडी चालवू शकत नाही, हेच कारण हवं, आणि ते मी माझ्या हाताने लिहून, इथे सहीऐवजी चालतो तो नावाचा शिक्का मारून द्यायचं. सरिता लिहून देते म्हणाली, तर चालत नाही.

मी पेन घेतलं आणि ठेवून दिलं. सगळा कर म्हणजे उदोन नूडल्सच्या दोन वाडग्यांचे पैसे. सोडून देऊ का? हसू नकोस, पण मला ते वाक्य लिहायची भीती वाटते.

तुझ्या शिव्यांची वाट पाहतो.

उल्हास


पुणे, २८ जून १९९७

चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद.

कागदाला काय भितोस? मी जन्मभर लोकांची प्रतिज्ञापत्रं वाचली. निम्मी खोटी होती, कोणाचं काही बिघडलं नाही. कागदावर लिहिल्याने डोळे जात नाहीत. लिही, शिक्का मार आणि ऑक्टोबरात मजेत गाडी काढ. हक्काचं सोडायचं नाही. डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा.

वनिताताई


॥ श्री ॥
योकोहामा, २० जुलै १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहिलं. सरिताने जाड पेनाने रेघा आखून दिल्या, तरी ओळ वर चढत गेली. यापुढे मी गाडी चालवू शकणार नाही, एवढंच वाक्य. शिक्क्याची जागा तिने माझं बोट धरून दाखवली.

लिहीपर्यंत मला खरंच वाटत होतं की ऑक्टोबरात मी सरिताला गाडीतून मिउराच्या समुद्रावर नेईन. लिहून झाल्यावर वाटेना. तिने ते वाचलं आणि तिला वाटलं, मी एकदाचं मान्य केलं. इतकी मोकळी होऊन रडली की नुसतं करासाठी लिहिलंय हे माझ्याने सांगवेना. पुढच्या आठवड्यात गाडी विकली. ओकादा-सान घेऊन गेले. मी कोपऱ्याकडे बघत उभा होतो. गाडी वळली ते मला आवाजावरून कळलं.

कर परत आला, तीन टक्क्यांनी, चोख. जिंकलीस तू.

आपल्या लोभाला कर नाही, तो पूर्ण पोचू दे.

उल्हास


पुणे, ३ ऑगस्ट १९९७

चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद.

ते पैसे परत कर. ओकादा-सानना सांग, पुण्यातल्या बहिणीचं चुकलं, कर सरकारात गेला होता तेच बरोबर होतं. तो कागद मागून घे आणि फाड. गाडी परत आण. नुसती खाली उभी राहू दे, भाडं मी पाठवते.

होणार नाही, कळतं मला. तरी लिहिते आहे. मला काहीतरी करायचं होतं रे. हात बांधून बसवेना, म्हणून तुला लिहायला लावलं.

अक्षर आणखी मोठं केलंय. चार एरोग्राम झाले, वर आकडे घातलेत. स्वतः वाच.

वनिताताई


॥ श्री ॥
योकोहामा, ६ ऑक्टोबर १९९७

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नका. तुमचे चारही एरोग्राम ह्यांनी उशाशी ठेवले होते. थोडं थोडं वाचेन म्हणायचे, मला हात लावू देत नव्हते. काल माझ्याकडे दिले. मी वाचून दाखवले. तुम्ही भाडं पाठवताय, तिथे आल्यावर ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

कर परत करणार नाही, तो हक्काचा आहे, असं तुम्हाला कळवायला सांगितलंय. त्या पैशांतून आम्ही काल स्टेशनपाशी उदोन खाल्लं. माझा दंड धरून ते चालत आले. तुमच्यावर त्यांचा राग नाही. माझाही नाही.

तुमची माया इतक्या लांब पोचते, ती अशीच पोचत राहो.

तुमची,
सरिता

ता. क. अक्षर आता मोठं काढू नका. पूर्वीसारखं बारीक लिहा, एका एरोग्राममध्ये मावेल तेवढं. मी वाचते.