वेड्यावाकड्या तिकिटांसाठी

जळोची, बारामती
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

श्री. दत्तोबा भावजी यांना नमस्कार.

तुम्ही बरे असालच. मी बरी आहे, गुडघा सोडून. सोसायटीची लिफ्ट पुन्हा बंद आहे, डासांचा सुळसुळाट आहे. एवढ्या बातम्या पुरे, आता कामाचं लिहिते. फोनच केला असता, पण तो हल्ली तुमची सून उचलते आणि "मामा शेतात हायेत" म्हणते. तुम्ही रात्रीचेही शेतातच असता, असं दिसतं.

तर काम असं. वर्षश्राद्ध झाल्यावर ह्यांनी जमवलेल्या पोस्टाच्या तिकिटांना पहिल्यांदा हात लावला. सरळ चौकोनी तिकिटं अल्बममध्ये जागच्या जागी आहेत. वेडीवाकडी तेवढी बिस्किटाच्या डब्यात सुटी राहिलीत. भूतानचं गोल रेकॉर्डसारखं, मंगोलियाची तिकोनी, आणि ते टोंगाचं केळ्याच्या आकाराचं, ज्यावरून तुम्ही दोघं पोरांसारखे हसायचात. ती माउंटमध्ये बसवून घ्यावीत, असं मनात आलं.

स्टेशनरीच्या दुकानात गेले. त्या मुलाला समजावलं, की बाबा, पुढून पारदर्शक आणि मागून काळं असं एक पाकीट असतं, तिकिटाला डिंक न लावता ते आत सरकवायचं. तो म्हणाला, "काकू, लॅमिनेशन करून देतो ना, पाच मिनिटांत." तिकीट गरम प्लॅस्टिकमध्ये कायमचं चिकटवून टाकायचं म्हणे! हे असते, तर तिथेच खाली बसले असते. मग पुण्याच्या माणसाला फोन लावला. त्याच्याकडे ठरावीक उंचीच्या पट्ट्या मिळतात, सरळ तिकिटांसाठी. केळ्याचं ऐकून तो इतका हसला की मीच फोन ठेवला.

म्हणजे उरलात तुम्ही. कारखान्यात तुम्ही दोघांनी मिळून एवढाली यंत्रं केलीत, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून बोटाएवढी पाकिटं. ह्यांनी पारदर्शक शीट धरायची, तुम्ही कापायचं, मग ह्यांनी सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने कड जोडायची. आणि मी त्या पसाऱ्यात चहाचे कप ठेवायला जागा शोधायची. शीट अजून आहेत, काळा कागदही आहे. हात नाहीत.

बटर पेपरवर केळं गिरवून सोबत पाठवते आहे. तिकीट पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही. हवं तर इथे येऊन माप घ्या. जानेवारीत उसाची तोड आली म्हणून यायचे थांबलात. हंगाम संपला, उन्हाळा गेला, पावसाळा संपत आला. तुमचा ऊस भलताच लांब दिसतो.

कळावे.
प्रमोदिनी वहिनी


जळोची
रविवार, २८ सप्टेंबर

श्री. दत्तोबा भावजी यांना नमस्कार.

तुमचं पाकीट मिळालं. आत माउंट आणि अर्ध्या ओळीची चिठ्ठी, "कड बघून घ्यावी." शब्द वाचवलेत आणि पाकिटावर मात्र पाच वेगवेगळी तिकिटं लावलीत. पोस्टमन म्हणाला, "आजी, कुनी पाठवलंय एवढं नटवून?" मी त्याला सांगितलं नाही.

माउंट सुंदर आहे, पण बसत नाही. टोकाकडे सैल राहतं, तिकीट आत फिरतं. पुन्हा गिरवून पाठवते आहे.

आज रविवार. रविवारी मी मुद्दाम उशिरा उठते, म्हणजे दिवस तेवढा लहान होतो. दुपारी बातम्या लावून ठेवते. त्यातली माणसं भांडत असतात, पण घरात आवाज राहतो. वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये शेजारणीच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू यायची. इथे दार लावलं की लावलंच. परवा एक अख्खा दिवस कोणाशी बोलले नाही, हे मला दूधवाल्याला "एक लिटर" म्हणताना कळलं, कारण आवाजच फुटेना.

वैदेही बंगळूरला बोलावते आहे. "आई, फ्लॅट भाड्याने दे आणि ये." दिवाळीपर्यंत सांगते म्हटलंय. पोरगी गुणाची आहे, जावईही चांगला. पण दोघं सकाळी जातात ते रात्री येतात, म्हणजे तिथे मला शांतता तेवढीच मिळेल, फक्त ती कानडी असेल.

भावजी, एक विचारते. तुमचं उसाचं कारण मी तेव्हाही खरं मानलं नव्हतं. हे गेल्यावर पाच महिने तुम्ही दर रविवारी आलात. ह्यांच्या खुर्चीत कधी बसला नाहीत, नेहमी समोरच्या. मग त्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या मनिषाने विचारलं, "काकू, हे तुमचे भाऊ का?" मी काही बोलायच्या आत तुम्ही मान खाली घातलीत. त्या रविवारनंतर तुमची तोड सुरू झाली. खरं की नाही?

माउंटची घाई नाही. पत्राची थोडी आहे.

प्रमोदिनी वहिनी


मळा, इंदापूर
सोमवार, ६ ऑक्टोबर

वहिनींना दत्तोबाचा नमस्कार.

माउंट दुसऱ्यांदा केलं हाय, सोबत धाडतो. तुमच्या कागदावरचं केळं मागच्यापरास जाड निघालं. तिकीट तर जाड होत न्हाय. आसो.

मला लिहाया जमत न्हाय. तोंडानं तर त्याहून न्हाय, ते तुमाला ठावं हाय. पर तुमी इचारलं म्हनून सांगतो. व्हय, खरं हाय.

त्या बाईला मी काय सांगायचं? मित्राची बायको म्हनावं, तर मित्रच ऱ्हायला न्हाय. घरी सूनबाई बी म्हनली, "मामा, आता तितं कसलं काम असतं?" वंगाळ मनानं न्हाय म्हनली, साधं इचारलं. मी आपलं खुरपं घिऊन बांधावर गेलो. आमची शकुबाई जाऊन बारा वर्सं झाली, तवापासनं कुनी मला असं कायच इचारलं नव्हतं. आन तुमच्या नावाला बट्टा लागंल आसं माज्या हातून व्हायचं न्हाय. नीळकंठरावाचं मीठ खाल्लंय मी.

लई दिस इचार केला. मग यक सुचलं. मी भाऊबीजेला येतो. तुमी मला वोवाळा. सगळ्या बिल्डिंगीदेखत पाटावर बसतो. यकदा भाऊ झालो, की मग दर आइतवारी आलो तरी कुनाचं तोंड उघडायचं न्हाय, हितलं बी आन तितलं बी. सूनबाईला सांगितलं, तिलाबी पटलं. म्हनली, साडी घिऊन जावा.

रंग कंचा आवडतो त्येवढं कळवा. बंगळूरला जाऊ नगासा.

दत्तोबा


जळोची
रविवार, १२ ऑक्टोबर

दत्तोबा,

मायना मुद्दाम असा लिहिला आहे. पुढचं वाचून तो तुम्हाला खटकला, तर पत्र फाडून टाका. मला राग येणार नाही.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं. पाटावर बसलेले तुम्ही, डोक्यावर टोपी, हातात साडीचा बॉक्स, आणि दारातून डोकावणारी मनिषा. मग हसू थांबलं आणि मी ते पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

तुम्ही काढलेली वाट चोख आहे. आपल्याकडे हीच एक वाट आहे, हे मलाही कळतं. एकदा ओवाळलं, की तुम्ही राजरोस येऊ शकाल, जेवाल, संध्याकाळपर्यंत बसाल, आणि मनिषा स्वतः तुम्हाला चहा आणून देईल. मला माणसाची किती गरज आहे, ते मागच्या पत्रात लिहिलंच आहे. समोर आलेलं ताट मी का सरकवते आहे, असं तुम्हाला वाटेल.

मला भाऊ दोन आहेत. एक फलटणला, एक सांगलीला. दोघेही सज्जन आहेत, दिवाळीला न चुकता येतात. त्यांच्यासाठी मी कधी बाल्कनीत जाऊन उभी राहिले नाही. तुमच्यासाठी राहते. एसटीची वेळ होऊन गेली, की आत येते.

लिहिलं एकदाचं.

आणि केळ्याचं म्हणाल, तर तुमचं पहिलं माउंट तंतोतंत बसलं होतं. सैल होतं हे मी खोटं लिहिलं. दुसऱ्यांदा गिरवताना पेन्सिल बाहेरून फिरवली, कारण ते बसलं म्हटलं असतं, तर तुम्ही मला पुन्हा कशाला लिहिलं असतं? तुमच्या हे लक्षात आलं होतं आणि तरी तुम्ही "आसो" म्हणून ते जाड माउंट बनवून पाठवलंत. त्या "आसो"वर मी चार दिवस काढले.

घाबरू नका. लग्न, संसार असलं काही माझ्या मनात नाही. या गुडघ्याने सप्तपदी चालायची म्हटलं, तर चौथ्या पावलाला खुर्ची लागेल. ह्यांच्याशी बेइमानी करते आहे, असंही वाटत नाही. ह्यांच्यासारखं दुसरं कोणी नव्हतं आणि नसेल. मला फक्त टेबलापलीकडे एक माणूस हवा आहे, आणि तो कुठलाही चालणार नाही. या नात्याला काय म्हणायचं, ते मला ठाऊक नाही. पण त्याला भाऊ म्हणायचं नाही, एवढं पक्कं ठाऊक आहे. एकदा तुमच्या कपाळी कुंकवाचा टिळा लावला, की तो मला कधीच पुसता येणार नाही. मी तशी बाई नाही. ओवाळलं, तर मी जन्मभर भाऊच मानीन.

म्हणून आता सगळं तुमच्यावर सोपवते. भाऊबीज गुरुवारी आहे. त्या दिवशी आलात, तर दारात आलेल्या माणसाला मी परत पाठवणार नाही. पाट मांडीन, रांगोळी काढीन, मनापासून ओवाळीन, साडी घेईन. आणि मग वैदेहीला सांगेन की येते. दर रविवारी भाऊ म्हणून समोर बसलेले तुम्ही मला सोसायचे नाहीत. त्यापेक्षा बंगळूर बरं.

त्याच्या आधी एक साधा रविवार आहे, १९ तारखेचा. त्या दिवशी काही कारण नाही, कसला मुहूर्त नाही, हातात काही आणायचं नाही. सूनबाईला जे खरं तेच सांगा, वहिनींकडे बसायला जातो म्हणा. लिफ्टमध्ये मनिषा भेटली आणि तिने विचारलं, तर मान खाली घालू नका. तिला माझ्याकडे पाठवा, उत्तर मी देईन. काय देईन ते अजून ठरवलेलं नाही, पण देईन.

दोन्हींपैकी कुठल्याही दिवशी या. दार उघडलं की कोणता दिवस आहे, ते मला कळेलच.

तुमची वाट पाहणारी,
प्रमोदिनी