शांत रस्त्यांचा गव्हर्नर

अल खौद, मस्कत
१० जानेवारी २०२५

चि. सौ. विद्यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोन रोज होतो, तरी कागदावर उतरल्याशिवाय मला बोलल्यासारखं वाटत नाही. प्रसादच्या ऑफिसातला देवेश सुट्टीवर पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि निझवाचे खजूर धाडतो. सगळे शेजारी वाटून मोठेपणा मिळवू नकोस, स्वतःही खा.

इथे थंडी छान आहे. सकाळी युनिव्हर्सिटीच्या बाजूला फिरतो, समोर तपकिरी डोंगर, तोंडात शाळेतल्या कविता. चाल आठवते, शब्द निसटतात. प्रसाद म्हणतो, बाबा, रस्ता ओलांडताना तरी कविता बंद ठेवा.

इथल्या मराठी मंडळाच्या संमेलनासाठी मी एक नाटुकलं लिहिलंय. एका कल्पित वसाहतीत नवा गोरा गव्हर्नर येतो. आधीच्या साहेबाने रस्त्याकडे उघडणाऱ्या प्रत्येक दारावर दारपट्टीचा कर बसवलेला. लोक इतके संतापलेले, की दारं विटांनी बुजवून परसातून ये-जा करतात. नवा साहेब फेरफटका मारतो आणि खूश होतो : गाव किती शांत, कुणाची तक्रार नाही! गव्हर्नर कोण, ठाऊक आहे? आपली नात देविका. बारा वर्षांची पोर, मराठी अडखळत बोलते. मी तालमीत सगळ्यांसमोर म्हटलं, साहेबाचं मराठी मोडकंच हवं, हिला अभिनय करायलाच नको! सगळे पोट धरून हसले.

घरीही मी एक कर बसवलाय. रात्री जेवणानंतर प्रत्येकाला पाच खजूर. ताटावर कुणाच्या तोंडून इंग्रजी शब्द आला, की एक खजूर माझ्या वाडग्यात. पहिल्या आठवड्यात पोरीला एकही उरेना, फार कुरकुरली. आता मात्र आठ दिवसांत तिचा एकही खजूर वाडग्यात आलेला नाही! तेजश्री यावर काहीच बोलत नाही. सुनेला सासऱ्याचं यश बघवत नसेल. तरी का कोण जाणे, तो रिकामा वाडगा बघून मला थोडं चुकल्यासारखं वाटतं.

या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
मधुदादा


पुणे
१८ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खजूर पोचले. शेजारी वाटले नाहीत, निर्धास्त राहा. गुडघा बरा आहे, जिना तेवढा नको म्हणतो.

दादा, रागावू नकोस, पण स्वतःचं नाटक तू एकदा वाचून बघ. परवा व्हिडिओ कॉलवर मी देविकाला पाच गोष्टी विचारल्या. ‘हो’, ‘नको’, ‘पुरे’ एवढंच म्हणाली. मागच्या दिवाळीत हीच पोर मला मांजराची गोष्ट सांगत होती. निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी, आणि हसून हसून माझा चहा सांडला होता. तुझा कर चुकवायचा सोपा मार्ग तिला सापडलाय. तोंडच उघडायचं नाही.

आप्पांची आठवण आहे ना? जेवताना कविता म्हणायला लावायचे, अडलं की पानावरून उठवायचे. मी दर वेळी अडायचे. तेव्हा भाताचा घास तोंडापाशी नेऊन, आड हात धरून, पुढची ओळ कोण पुरवायचं? एकदा पकडलं गेलं तर आमटीशिवाय तूच उठलास. तो माझा दादा मस्कतच्या विमानात बसलाच नाही की काय?

जास्त बोलले असेन, तर धाकटी म्हणून पोटात घाल.

तुझी
विद्या


अल खौद
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विद्यास,
अ. उ. आ. वि. वि.

देवेशने आणलेलं तुझं पत्र त्याच्यासमोरच फोडलं आणि चष्मा पुसत बसलो. मग तेजश्रीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही इतके आनंदात होतात, की सांगायचा धीर झाला नाही. देविका शाळेतलं सगळं जेवणानंतर आपल्या खोलीत, दार लावून, आईला सांगते म्हणे. आणि मी बाहेर वाडगा घेऊन विजयी मुद्रेने बसलेला! आपलंच नाटक मला वाचता आलं नाही, विद्या.

कर रद्द केला. खजुरांनी भरलेला वाडगा पोरीपुढे ठेवून तालमीतल्या त्या बोलण्याची माफी मागितली. तिने ‘इट्स ओके’ म्हणून वाडगा माझ्याकडे सरकवला. रागाने नाही गं, पाहुण्याला सरकवावा तसा. तेच लागलं. भूमिका सोडतेस का विचारलं, तर नको म्हणाली, पाठ झालीय.

शुक्रवारी प्रयोग झाला. मी विंगेत वही घेऊन उभा. शेवटी गव्हर्नर जाहीर करतो, की दारपट्टी माफ, दारांतल्या विटा काढून टाका. पोर सुरेख बोलत होती आणि नेमकी तिथे अडली. ‘दारांतल्या, दारांतल्या…’ हॉलमध्ये कुणीतरी हसलं. तिचे कान लाल झाले. वहीत ‘विटा’ लिहिलेलं होतं, माझंच अक्षर. पण मी हात आड धरला आणि हळूच ‘ब्रिक्स’ म्हटलं. तिने वळून पाहिलं. तिची खात्री पटेना, म्हणून मी पुन्हा म्हटलं.

तशी ती खुदकन हसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, की दारांतल्या ब्रिक्स काढा, सगळ्या काढा, यल्ला! म्हणजे इथल्या अरबीत ‘चला, लवकर’. हॉल टाळ्यांनी भरून गेला. मला पुढचं धड दिसलं नाही.

अजून ती माझ्याशी जपूनच बोलते. तो दोष माझा, आणि तो एका टाळीने फिटायचा नाही. पण आज जेवताना आपण होऊन मांजराचं काहीतरी सांगू लागली. या पत्रात चार ओळी तिला लिहायच्या आहेत, म्हणून मी इथेच थांबतो. जीव लावून आहेस, तशीच राहा.

तुझा
मधुदादा

हाय विद्याआजी, मी देविका. आजोबा मला स्टेजवर इंग्लिश वर्ड दिला, सो फनी! मला विटा माहीत होतं, जस्ट आठवला नाही. मांजरला तीन किटन्स झाले. नेक्स्ट कॉलवर सगळं सांगते, प्रॉमिस.

ता. क. वरच्या ओळींत किती खजूर झाले असते, ते मी मोजलेलं नाही.