दंडावरचा निळा डाग

आये, गाठीच्या तापाचं, प्लेगचं ते साल आज सकाळपासून डोळ्यांपुढे आहे. खालापूरजवळचं आपलं गाव ओस पडलं होतं, सगळे माळावर झोपड्या घालून राहत होतो, आणि कर्जतहून टोचणारा डॉक्टर बैलगाडीने आला तेव्हा एकही माणूस पुढे होईना. सुईतून विष घालतात, असं सगळ्यांनी ऐकलेलं. तू हाताचं पीठ झटकलंस आणि चोळीची बाही वर सारून त्याच्यासमोर जाऊन बसलीस. आजोबा ओरडले, "परक्या बाप्याम्होरं दंड उघडा करतीस? लाज नाय?" तू त्यांच्यासमोर कधी बोलत नसायचीस. त्या दिवशी मला जवळ ओढून म्हणालीस, "मामंजी, दोन पोरं गेली माजी. आदी मी टोचून बगते, मग हिला."

सुई निघाली तशी तू दंड खसाखसा चोळलास आणि लगेच हंडा उचलून पाण्याला गेलीस. दुसऱ्या दिवशी अंगात ताप आणि दंडावर वांग्यासारखा काळानिळा डाग. विष चढलं, असं माळभर झालं. दुसरी कुणी असती तर पदराखाली झाकून बसली असती. ताप उतरल्यावर तू रोज विहिरीवर बाही वर करून उभी राहायचीस. "बगा गं, आज हिरवा झालाय. गाठ नाय ती, मुका मार लागल्यावानी रगात साकळलंय." डाग पिवळा पडला, मग गेला. बायका जवळ येऊन बोटाने चाचपून बघू लागल्या.

डॉक्टर परत आला तेव्हा डाग पडू नये म्हणून काय करायचं, हे तू त्यालाच विचारलंस. "चोळायचं नाही. कापूस ठेवून थोडा वेळ नुसतं दाबून धरायचं," तो म्हणाला. मग तू त्याच्या शेजारीच उभी राहिलीस. सुई निघाली की तुझा अंगठा कापसावर. "चोळू नको रं. आज जड उचलू नको." आजोबा येऊन बसतात, मान खाली. तू त्यांचाही दंड धरतेस, तसाच, हलक्या हाताने. माझ्या दंडावर तर डाग पडलाच नाही. सगळा माळ रांगेत उभा आहे आणि एकेक दंड माझ्या आईच्या हातात येतोय, हे मी डोळे विस्फारून बघतेय.

टोचून घेतलेल्यांतल्या कुणालाही गाठ आली नाही. तू जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. हे पत्र कुठे धाडायचं नाही, घडी घालून ठेवीन. पहिल्यांदा बसलीस तेव्हा तुला भीती वाटली होती का, हे मी कधी विचारलंच नाही. खरं सांगते, तू "हो" म्हणशील, याचीच मला भीती वाटायची, म्हणून विचारलं नाही.