चप्पल घालण्याआधी एक वाक्य

प्रिय नलू,

आज सकाळी स्टेशनजवळच्या क्लासचे पाटणकर सर फळांची पिशवी घेऊन घरी आले. "वहिनी गेल्या, फार वाईट झालं," म्हणाले, आणि चहा थंड व्हायच्या आत मुद्द्यावर आले. "त्यांच्या शिकवणीची मुलं आमच्याकडे पाठवा. वहिनींचं नाव बोर्डावर घालू. तुमची खोलीही मोकळी होईल."

उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना उत्तर हवंय. म्हणून दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना, उघडलेला मिक्सर बाजूला सारून तुला लिहायला बसलोय. "आधी सगळं ठरवता आणि मग मला सांगता" ही तुझी जुनी तक्रार ना? घे, या वेळी पाटणकरांच्या आधी तुला सांगतोय.

आठवतं, गिरणी बंद पडली तेव्हा मी हा गाळा घेऊन पंखे दुरुस्त करायला लागलो आणि तू पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलीस? म्हणालीस, "मराठी शाळेतली पोरं हुशार आहेत हो, पण इंग्रजीचा तास आला की पोटात दुखतं त्यांच्या." पाचवी ते सातवी. घाटकोपरच्या आपल्या त्या एवढ्याशा खोलीत केवढा गलका! "बी ओ वाय बॉय, बॉय म्हणजे मुलगा." "गो, वेंट, गॉन." वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनासुद्धा पाठ झालं होतं. भाजीवाल्याला म्हणायच्या, "गॉन!"

पाचला मी चहाला घरी यायचो आणि पडद्यामागे बसायचो. पंख्याच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय का ते ओळखणारा माणूस मी. कोणाला कविता कळलीय आणि कोण नुसतं घोकतंय, ते मला न बघता कळायचं. मुलं गेली की तू विचारायचीस, "आज कोण नुसते ओठ हलवत होतं?" मी नाव सांगायचो. "अहो, कान आहेत की काय आहे!" म्हणून तू हसायचीस.

पण तुझी खरी कमाल होती ती दारात. घरी जाताना चप्पल घालण्याआधी प्रत्येकाने इंग्रजीत एक वाक्य बोलायचं. पुस्तकातलं नाही, स्वतःचं, त्या दिवसाचं, आणि खरं. "राम इज अ गुड बॉय" म्हटलं की तू विचारायचीस, "कोण राम? कुठे राहतो? मला भेटव." मग पोरगं डोकं खाजवायचं आणि म्हणायचं, "टुडे नो वॉटर इन अवर टॅप." चुकलं तरी तू आधी शाबासकी द्यायचीस, मग दुरुस्ती.

बोरकरांचा मिलिंद आठवतो? सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणी मागायला त्यांच्या घरी आले होते त्या दिवशी. दारात उभं राहून खणखणीत बोलला, "माय फादर इज नॉट ॲट होम. ही इज इन द किचन." दुसऱ्या दिवशी बोरकरीण भांडायला हजर! "बाई, तुम्ही आमच्या घरातल्या गोष्टी इंग्रजीत बाहेर काढता?" आणि तू शांतपणे, "मराठीत नाही ना काढल्या? मग झालं तर!" ती पण हसली. बसून चहा पिऊन गेली.

एवढं खरं बोलायला लावणारी तू, मग स्वतः का गं खोटं बोललीस? छातीत कळ येत होती, तर "पित्त झालंय" म्हणत राहिलीस. "सातवीची परीक्षा होऊ दे, मग जाऊ डॉक्टरकडे." हे कुठलं व्याकरण, नलू? भांडायचं होतं मला तुझ्याशी. तेवढीही उसंत दिली नाहीस.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी पाचच्या ठोक्याला दाराबाहेर चपला वाजल्या. तेराव्यानंतरही क्लास बंद आहे असं पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी आत होतो. त्यांनी आपली आपणच सतरंजी अंथरली आणि कविता म्हणायला सुरुवात केली. सगळी म्हणून झाली. दुसऱ्या कडव्यात चुकले होते, पण सांगणार कोण? कोणीतरी हळूच म्हणालं, "इथे बाई 'वन्स मोअर' म्हणतात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्स मोअर!"

पडद्यामागून! आधी दचकली, मग एकीने हुंदका दिला, मग सगळ्यांनी पहिल्यापासून म्हटली. मी मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेला माणूस, पण दुसरं कडवं कुठे घसरतं ते मला तुझ्यामुळे पाठ आहे. त्या दिवशी थांबवलं त्यांना तिथे. पण "का चुकलं" असं एकाने विचारलं, आणि माझी वाट लागली. कान आहेत गं माझ्याकडे. उत्तर नाही.

म्हणून आज पाटणकर गेल्यावर मी जरा विचार केला. त्यांचा राग नाही मला. धंदा मीही करतो. त्यांच्या क्लासच्या जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. वर पोरं उत्तरं म्हणत होती, एका दमात, कुठे थांबणं नाही. खाली उतरलेल्या एका मुलीला विचारलं, "काय गं, अर्थ काय त्याचा?" म्हणाली, "काका, अर्थ परीक्षेत येत नाही."

तिथून सरळ संगीताच्या घरी गेलो, बाईंचा क्लास तू घेशील का, असं विचारायला. तुझ्या पहिल्या तुकडीतली संगीता, आता कॉलेजात इंग्रजीच घेतलंय तिने. तिची आई दारातच म्हणाली, "भावोजी, आमी चेडवाचा लगीन बघतव. ह्या शिकवणीचा काय मधीच काढलास?"

मी पण मालवणातलाच ना! म्हटलं, "वयनी, बघूक येतले तेवा सांगा, चेडू इंग्रजी शिकयता. झिलाची आवस गप रवतली." हसली. मुलीच्या इंग्रजीपुढे मुलाची आई गप्प बसेल, हे तिला पटलं. अर्धं काम तिथेच झालं.

उरलेलं अर्धं अवघड होतं. संगीताने विचारलं, "काका, बाई मला विचारणार होत्या का?"

काय सांगू? म्हटलं, "ते मला ठाऊक नाही. मी विचारतोय."

मग म्हणाली, "मला बाईंसारखं येणार नाही. मी माझ्या पद्धतीने शिकवीन."

"शिकव की! फक्त दारातलं वाक्य बंद करू नकोस."

"ते कसं बंद करीन, काका? त्याच्या जोरावरच तर कॉलेजात तोंड उघडलं मी."

तेव्हा ठरलं, नलू. उद्या पाटणकरांना 'नाही' म्हणून सांगणार. चहा पाजून, गोड शब्दांत, पण नाहीच. खोली मोकळी होणार नाही. आईबाप कुरकुरतील, काही मुलं जातीलही. त्यांना समजवायला बोरकरांकडे मी स्वतः जातो, मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. एकही दार सोडणार नाही. आणि संगीताला बजावलंय, धडा पहिल्यापासून घ्यायचा नाही. तू ज्या ओळीवर थांबलीस, तिच्या पुढच्या ओळीपासून सुरू करायचा. हा शब्द माझा तुला. सोमवारी, पाचला.

तुझाच,
वसंत